पायाखालचे चार बाण : डान्स पॅड घरी बनतो, पण विकण्याआधी हा हिशेब बघा

मालवण : गणपतीत पडवीत फुगडी रंगते तेव्हा एकीचा पाय चुकला की सगळ्यांना लगेच कळतं. भजनात टाळ मागेपुढे झाला की बुवा मान वळवून बघतात. ठेक्यावर लक्ष ठेवायचं हेच काम संगणकाला दिलं की जो खेळ तयार होतो त्याला रिदम गेम म्हणतात. गाणं चालू असतं, पडद्यावर बाण सरकत येतात. बाण ठरलेल्या जागी पोचला की त्याच क्षणी पायाखालचा तसाच बाण दाबायचा. पाय वेळेत पडला तर गुण, नाही तर चूक. हे बाण ज्या फळीवर असतात तिला डान्स पॅड म्हणतात.

हा पॅड घरी बनवण्याचे व्हिडिओ मोबाइलवर भरपूर मिळतात. ते बघून 'हे आपल्या गावच्या सुतारालाही जमेल' असं वाटतं आणि ते खोटं नाही. पॅड म्हणजे शेवटी चार मोठी बटणं. सुतारकाम, थोडं वायरिंग आणि मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे असतं तेवढं सोल्डरिंग, एवढ्यावर तो उभा राहतो. पण स्वतःसाठी एक बनवणं वेगळं आणि पैसे घेऊन दहा जणांना देणं वेगळं. विकलेला पॅड चार महिन्यांनी बंद पडला तर गिऱ्हाईक बनवणाऱ्यालाच शोधत येतं. म्हणून बनवायची रीत आणि विकायचा हिशेब, दोन्ही एकत्र समजून घेतलेलं बरं.

खेळ आला कुठून?

जपानच्या कोनामी कंपनीने १९९८ मध्ये 'डान्स डान्स रेव्होल्यूशन' नावाचं नाणं टाकून खेळायचं यंत्र आणलं. त्यात पुढे, मागे, डावीकडे आणि उजवीकडे असे चार बाण होते. पुढच्याच वर्षी घरातल्या टीव्हीवर खेळायची आवृत्ती आली आणि तिच्यासाठी घडी घालून ठेवता येईल अशी प्लास्टिकची चटई निघाली. १९९९ मध्येच दक्षिण कोरियातून 'पंप इट अप' आलं. त्यात चार कोपरे आणि मधली जागा मिळून पाच ठिकाणी पाय टाकायचे असतात. शहरातल्या मॉलमध्ये मुलं ज्यावर नाचताना दिसतात ती यंत्रं याच जातीची.

खेळ बसून खेळायचा नसल्यामुळे व्यायाम म्हणूनही त्याच्याकडे बघितलं गेलं. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्याने २००६ मध्ये मुलांचं वाढतं वजन लक्षात घेऊन हा खेळ सरकारी शाळांमध्ये नेण्याची योजना जाहीर केली होती.

घरगुती पॅडवाल्यांना खरा आधार मिळाला तो 'स्टेपमेनिया' या प्रोग्रामचा. हा प्रोग्राम फुकट आहे आणि साध्या, जुन्या लॅपटॉपवरही चालतो. त्यामुळे महागडं गेमिंग यंत्र घ्यावं लागत नाही. लॅपटॉप आणि पॅड एवढं असलं की पुरतं.

लोक घरी का बनवू लागले?

प्लास्टिकची चटई स्वस्त, पण पायाखाली सरकते, गोळा होते आणि थोड्या दिवसांत आतला थर झिजतो. पोलादी पॅड टिकतो, पण तो जड आणि महाग. या दोघांच्या मधली जागा घरगुती कारागिरांनी भरली. आधी लोकांनी तीच चटई प्लायवर ताणून बसवली आणि वर कडक प्लास्टिक टाकलं. नंतर चटई सोडून सगळंच स्वतः बनवायला सुरुवात झाली.

यातून धंदेही उभे राहिले. अमेरिकेतली रेडऑक्टेन कंपनी डान्स पॅड विकत होती. तिनेच पुढे २००५ मध्ये 'गिटार हिरो' हा गाजलेला खेळ बाजारात आणला आणि २००६ मध्ये अ‍ॅक्टिव्हिजन या मोठ्या कंपनीने तिला विकत घेतलं. कोबाल्ट फ्लक्स हे अमेरिकेतलंच धातूच्या पॅडचं नावाजलेलं नाव, पण ते उत्पादन पुढे थांबलं. आज पोलंडची एल-टेक कंपनी घरी वापरायचे पॅड बनवते. गिऱ्हाईक थोडं, पण जगभर पसरलेलं, असा हा बाजार आहे.

पॅडला किती सहन करावं लागतं?

मिनिटाला १५० ठोके असलेलं गाणं घ्या. एका ठोक्यात चार पावलं पडत असतील तर मिनिटाला ६०० पावलं झाली, म्हणजे सेकंदाला १०. नवीन माणूस एवढा वेगात खेळत नाही, पण तयार खेळाडू खेळतो. शिवाय सगळ्यात चांगला गुण मिळवायचा तर पाऊल सेकंदाच्या साधारण पन्नासाव्या भागाएवढ्या फरकात पडावं लागतं. म्हणून पॅडने तीन गोष्टी केल्याच पाहिजेत : प्रत्येक पाऊल ओळखायचं, पाय उचलला की लगेच सोडायचं आणि न पडलेलं पाऊल मोजायचं नाही. दिसायला देखणा, पण दहातलं एक पाऊल खाणारा पॅड कोणी ठेवून घेत नाही.

आत काय असतं?

बटण बनवायच्या मुख्य दोन रीती आहेत.

पहिली पत्र्याची. खाली एक पत्रा, वर एक पत्रा आणि कडेने फोमची पट्टी. पाय पडला की दोन पत्रे टेकतात आणि सर्किट पुरं होतं. दाराच्या बेलचं बटण असंच चालतं. खर्च कमी, समजायला सोपं. पण फोम दबून बसला की बटण अडकून राहतं आणि पत्र्यावर गंज किंवा मळ चढला की पाऊल लागत नाही.

दुसरी दाबाच्या सेन्सरची. याला एफएसआर म्हणतात. ही पातळ पट्टी असते. तिच्यावर जितका दाब जास्त, तितका तिचा विजेला असलेला अडथळा कमी होतो. पट्टी चौकोनाच्या काठाखाली बसवायची. फळी जवळजवळ हलत नाही, तरी पाऊल कळतं. किती दाबाला पाऊल धरायचं ते प्रोग्राममध्ये ठरवता येतं, म्हणून लहान मूल आणि जाड माणूस दोघांसाठी जुळवणी करता येते. एफएसआर महाग वाटला तर काही जण व्हेलोस्टॅट नावाचा काळा, कार्बन मिसळलेला प्लास्टिकचा कागद कापून वापरतात. त्याचं तत्त्व तेच, फक्त प्रत्येक तुकडा थोडा वेगळा वागतो. त्यामुळे जुळवायला वेळ लागतो.

संगणकाला कळवणार कोण?

बटण दाबलं हे संगणकाला सांगायला एक छोटी पाटी लागते. भंगारातल्या कीबोर्डची पाटी काढून तारा जोडता येतात, पण स्वस्त कीबोर्डमध्ये काही बटणं एकत्र दाबली की एखादं गाळलं जातं. जुन्या यूएसबी गेमपॅडची पाटी त्याहून बरी. इथे मात्र बरेच जण फसतात. गेमपॅडवर दिशांचं जे अधिकच्या चिन्हासारखं बटण असतं त्याला तारा जोडायच्या नाहीत. ते बटण डावं आणि उजवं एकाच वेळी पाठवू शकत नाही आणि या खेळात दोन पाय दोन बाजूंना टाकून उडी तर हमखास येते. उजव्या अंगठ्याखालच्या चार सुट्या बटणांना तारा जोडायच्या.

एफएसआरसाठी आर्डुइनो लिओनार्डो ही पाटी सोयीची पडते. ती स्वतःला कीबोर्ड किंवा जॉयस्टिक म्हणून संगणकाला ओळख देऊ शकते. बाजारात जास्त दिसणारी आर्डुइनो उनो हे काम सरळ करत नाही, त्यामुळे घेताना नाव बघून घ्यायचं.

बनवायची रीत

पूर्ण पॅड साधारण ८४ सेंटिमीटर लांब आणि तेवढाच रुंद धरायचा. त्याचे तीन बाय तीन असे नऊ चौकोन पडतात, प्रत्येकी २८ सेंटिमीटरचा. चार कोपरे आणि मधला चौकोन पक्के. उरलेले चार म्हणजे बाण.

१. तळाला १८ मिलिमीटरचा प्लाय. ८ बाय ४ फुटांच्या एका बोर्डमधून दोन तळ निघतात आणि उरलेल्या तुकड्यांतून चौकोनही कापता येतात.

२. पाच पक्के चौकोन तळावर स्क्रूने घट्ट बसवायचे. बाणांचे चौकोन ५ मिलिमीटर लहान कापायचे म्हणजे कडेला घासत नाहीत. उंची पक्क्या चौकोनांच्या बरोबरीत किंवा किंचित खाली. बाण वर आला तर पाय अडखळतो.

३. प्रत्येक बाणाखाली चार काठांना चार सेन्सर. एका बाणाचे चारही सेन्सर समांतर जोडले की पाटीवर एका बाणाला एकच जागा लागते.

४. पाटीच्या ५ व्होल्टवरून तार सेन्सरला, सेन्सरची दुसरी तार अ‍ॅनालॉग पिनला आणि त्याच पिनवरून १० हजार ओहमचा रेझिस्टर ग्राउंडला. असं चार वेळा.

५. प्रोग्राममध्ये दोन आकडे ठेवायचे. वाचन ० ते १०२३ मध्ये येतं. समजा ४०० च्या वर गेलं की पाऊल पडलं, तर सोडलं कधी धरायचं ते ३५० च्या खाली ठेवायचं. एकच आकडा ठेवला तर पाय थरथरला तरी दोन-तीन पावलं मोजली जातात.

६. एखादा काठ कमी लागत असेल तर सेन्सरवर चिकटपट्टीचा एखादा थर वाढवायचा. टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा घालतात तसंच हे.

७. वरून पॉलिकार्बोनेटची शीट. अ‍ॅक्रिलिक स्वस्त असतं, पण उडी पडली की तडकतं आणि त्याची कड धारदार असते. पॉलिकार्बोनेट वाकतं, सहसा फुटत नाही. बाणांची चित्रं शीटच्या खालच्या बाजूने लावली की झिजत नाहीत.

पॅड तारेनेच जोडावा. ब्लूटूथवर उशीर होतो. टीव्हीवर खेळताना चित्र मागे पडलं तर तो फरक स्टेपमेनियाच्या सेटिंगमध्ये भरून काढता येतो.

समुद्रकाठची वेगळी अडचण

व्हिडिओ बनवणारे बहुतेक कोरड्या हवेत राहतात. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि किनाऱ्यावर खारं वारं बारमाही. देवबाग, तारकर्लीत सायकलची चेन किती दिवसांत लाल होते ते सगळ्यांना ठाऊक आहे. पॅडच्या आतही तेच होतं.

स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियम फॉइल वापरून केलेलं बटण पहिल्या दिवशी उत्तम चालतं. पण अ‍ॅल्युमिनियमवर धरणारा थर वीज अडवतो आणि ओल लागली की हे आणखी लवकर होतं. तांब्याची पट्टी हिरवी पडते, लोखंडी पत्रा गंजतो. म्हणून किनाऱ्यावर पत्र्याच्या रीतीपेक्षा बंद सेन्सरची रीत बरी. स्क्रू स्टेनलेसचे घ्यायचे. सोल्डर केलेल्या जोडावर श्रिंक ट्यूब चढवायची.

प्लाय घेताना साधा कमर्शियल न घेता आयएस ७१० शिक्का असलेला मरीन प्लाय घ्यायचा. कापलेल्या कडा उघड्या ठेवल्या तर पाणी तिथूनच शिरतं. मालवण-देवगडात होड्यांना फायबर मारणारे कारागीर आहेत. कडांना रेझिनचा हात मारणं हे त्यांचं रोजचंच काम. बाहेरच्या जिल्ह्यातल्या पॅडवाल्याला ही सोय दाराशी मिळत नाही.

शॉकची गोष्ट हलक्यात घेऊ नका

पॅडमध्ये यूएसबीचे ५ व्होल्ट असतात, त्यांचा शॉक बसत नाही. धोका चार्जरकडून येतो. घराला नीट अर्थिंग नसेल आणि लॅपटॉप चार्जिंगला लावलेला असेल, तर लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर मुंग्या येतात, हे अनेकांनी अनुभवलंय. यूएसबीच्या तारेतून तीच गळती पॅडच्या उघड्या पत्र्यापर्यंत येते. त्यावर अनवाणी, घामेजलेला पाय आणि खाली ओली लादी असली की ती जास्त जाणवते. चार्जर हलका, नकली असेल तर धोका खरोखर मोठा.

म्हणून वरचा थर कायम प्लास्टिकचा, पायाला धातू लागणार नाही असा. शक्यतो लॅपटॉप बॅटरीवर चालवायचा. घराचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यायचं. पॅडमध्ये रंगीत दिवे लावायचे म्हणून २३० व्होल्टची तार आत नेऊ नये. वीज कडाडायला लागली की सगळं काढून ठेवायचं. पॅडच्या खाली रबर हवं, नाही तर गुळगुळीत लादीवर पॅडसकट माणूस घसरतो.

विकायला निघालात तर

सगळ्यात आधी खर्च. समजा साहित्याला ५,००० रुपये, मजुरीला २,००० आणि पॅकिंग-वाहतुकीला १,२०० गेले. बेरीज ८,२००. दहा पॅडपैकी दोन परत आले आणि प्रत्येकाच्या येण्याजाण्याला व नवीन भागांना २,००० लागले, तर ते ४,००० दहा पॅडवर वाटले जातात. प्रत्येकी ४०० वाढून खरा खर्च ८,६०० होतो. ९,००० ला विकला तर हातात उरले ४००. हे आकडे समजण्यापुरते आहेत, आपापल्या बाजारभावाने ते बदलून घ्यावेत. परत येणाऱ्या मालाचा रकाना मात्र कोणी गाळू नये. नवीन माणूस नेमका तिथेच बुडतो.

वाहतुकीतही मेख आहे. कुरियरवाले वजनाबरोबर आकारही मोजतात. ९० बाय ९० बाय १२ सेंटिमीटरचं खोकं असेल आणि लांबी, रुंदी, उंचीच्या गुणाकाराला ५,००० ने भागायची पद्धत असेल, तर ते १९ किलोपेक्षा जास्त धरलं जातं, मग आतला पॅड १५ किलोचा का असेना. भाव ठरवायच्या आधी कुरियर, एसटी आणि रेल्वे पार्सल, तिन्हीकडे विचारून घ्यावं.

दुसरं, कायदा. १४ वर्षांखालील मुलांनी खेळायच्या वस्तूंना १ जानेवारी २०२१ पासून बीआयएसचं प्रमाणपत्र आणि आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना आणि भौगोलिक मानांकनातल्या नोंदणीकृत वस्तूंना यातून सूट आहे. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी खेळणी ही पिढ्यान् पिढ्यांची हस्तकला आहे. सेन्सर आणि यूएसबी तार असलेला पॅड त्या सुटीत बसेल असं धरून चालू नये. इलेक्ट्रॉनिक व्हिडिओ गेमलाही बीआयएसची वेगळी सक्तीची नोंदणी आहे. त्यामुळे आपला माल कोणत्या वर्गात येतो ते बीआयएसच्या कार्यालयाला लेखी विचारून मगच जाहिरात करावी. 'मुलांसाठी मस्त खेळणं' अशी पोस्ट आधी टाकायची आणि चौकशी नंतर करायची, हे अंगाशी येऊ शकतं.

वस्तू विकणाऱ्याला राज्यातल्या राज्यात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. पण असा माल गोव्यात किंवा बेळगावात पाठवायचा म्हणजे राज्याबाहेरची विक्री. तिथे उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी लागते. सिंधुदुर्गातून हे लक्षात ठेवायलाच हवं, कारण बांदा ओलांडलं की पलीकडे गोवा. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट आहे. तिचे पैसे मागणाऱ्याच्या नादी लागू नये.

पीएम विश्वकर्मा योजनेत पारंपरिक सुतार येतात. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि आधी एक लाख, मग दोन लाखांपर्यंत ५ टक्के व्याजाने कर्ज अशी तिची रचना आहे. ती सुतारकामासाठी आहे, पॅडसाठी नाही. पण रंधा आणि कटर दोन्ही कामांना तेच लागतात.

तिसरं, नाव आणि गाणी. २००५ मध्ये कोनामीने 'इन द ग्रूव्ह' या दुसऱ्या खेळाच्या कंपनीवर अमेरिकेत दावा लावला. २००६ मध्ये तडजोड झाली आणि त्या खेळाचे हक्क कोनामीकडे गेले. घरगुती पॅडवर मोठ्या कंपनीचं नाव किंवा चित्र छापू नये, स्वतःचं द्यावं. पॅडबरोबर सिनेमाची गाणी भरलेला पेनड्राइव्ह देऊ नये. जत्रेत तिकीट लावून खेळ ठेवायचा असेल तर गाणी वाजवायचा परवानाही बघावा लागतो.

गिऱ्हाईक कुठे आणि सुरुवात कशी?

गावात घरोघरी हा पॅड खपेल असं नाही. पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात आणि पर्यटक खोलीत बसून राहतात, तेव्हा एखाद्या होम स्टेच्या पडवीत पॅड कामाला येऊ शकतो. व्यायामशाळा, पुण्या-मुंबईतले या खेळाचे शौकीन आणि गणपतीला येणारे चाकरमानी हेही गिऱ्हाईक होऊ शकतात. भाड्याने देण्यात एक फायदा आहे. पॅड आपल्याच तालुक्यात राहतो आणि बिघडला तर दुचाकीवरून जाऊन दुरुस्त करता येतो.

म्हणून पहिला पॅड विकू नये. तो एक अख्खा पावसाळा वापरावा, मुलांना उड्या मारू द्याव्यात. काय सुटलं, काय गंजलं, कुठला सेन्सर किती महिन्यांत गेला ते वहीत तारखेसकट लिहावं. दुसऱ्या पॅडमध्ये ती दुखणी काढावीत आणि तळाची फळी चार स्क्रूंत उघडेल अशी ठेवावी. गिऱ्हाइकाला सुटा सेन्सर, जोडणीचं चित्र आणि दुरुस्ती किती दिवस फुकट, ते लिहून द्यावं. आगाऊ पैसे घ्यायचे तर एकावेळी दोन-तीन पॅडचेच, हातात आहे तेवढ्याच कामाचे.

लाकूड कापणारे आणि तारा जोडणारे हात जिल्ह्यात आहेत. पावसाळ्यानंतरही तोच पॅड तसाच चालला, तर त्याची किंमत सांगायला हरकत नाही.